दहा लाख तीन

नागपूरच्या डॉक्टरांनी मला शंभरातून सात वजा करायला सांगितलं, मग उरलेल्यातून पुन्हा सात, असं करत करत खाली जायला. मी त्र्याण्णव म्हटलं. त्यानंतर बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले आणि त्र्याऐंशी म्हटलं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी टिपलं. बालाघाटच्या एका खाजगी शाळेत वीसेक वर्षं दहावीला गणित शिकवलेली बाई मी. त्या खुर्चीवर मला इतकी लाज वाटली, की उठून निघून जावंसं वाटलं, पण तेव्हा धड उठताही येत नव्हतं.

मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी, वर्गातच, हातातला खडू पडला आणि वाकून उचलायला गेले तर मीही पडले. उजवा हात दोन-अडीच महिन्यांत बराचसा परत आला. जीभ त्याआधीच आली. माझ्या नवऱ्याच्या मते तर पहिल्यापेक्षा जास्त धार लावून आली. आकडे मात्र आले नाहीत. भाजीवाल्याला पन्नासची नोट दिली की तो देईल ते मुकाट्यानं घ्यायचं. घड्याळ दिसायचं, पण शाळेला निघायला किती वेळ उरला ते कळायचं नाही. आणि शाळेला निघायचं तरी कुठं होतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आमच्याकडे घरात मराठी आणि शाळेत हिंदी. मी शिकले हिंदीत, शिकवलंही हिंदीत, त्यामुळे डोक्यातलं सगळं गणित हिंदीतच चालायचं. पण शाळेत जायच्या वयाच्याही आधी, माहेरी कटंगीला अंगणात बसवून, बाबांनी माझ्याकडून मराठी पाढे पाठ करून घेतले होते. त्या गाठीनं हिंदी पहाडे पुसून टाकले आणि मराठी पाढ्यांना हात लावला नाही. एक दिवस कुकरच्या शिट्या मोजता मोजता तोंडातून 'सात सक बेचाळीस' निघालं, आणि मी गॅस बंद करून तिथंच उभी राहून साताचा पाढा शेवटपर्यंत म्हटला. मग आठाचा म्हटला. मला रडू आलं, आणि कुकरमधली डाळ कच्ची राहिली.

त्यानंतर मी रोज बसू लागले. बेरीज, वजाबाकी, छोटे भागाकार. जमत होतं, पण भरवसा नव्हता. पाच बरोबर यायचे, सहावा चुकायचा, आणि का चुकला ते समजायचं नाही.

मार्चच्या शेवटी आमचे प्राचार्य फळं घेऊन घरी आले. चांगला माणूस आहे. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं, की दहावीचं गणित एका नव्या तरुण सरांना दिलं आहे आणि माझ्यासाठी लायब्ररी ठेवली आहे. पगार तोच, दगदग नाही, पंखा आहे. मी हसून विचार करते म्हटलं, तरी जाताना ते लायब्ररीची किल्ली टेबलावर ठेवून गेले. ते गेल्यावर मी सफरचंदं पिशवीसकट शेजारी देऊन टाकली.

रागाच्या भरात माणूस स्वतःलाच अटी घालतो. मी घातली. एक मोठी मूळ संख्या घ्यायची आणि ती मूळ आहे हे स्वतःच्या हातानं, कागदावर, भागाकार करून सिद्ध करायचं. एका दिवसात. जमलं तर शाळेत जाऊन माझा वर्ग मागायचा. नाही जमलं तर गुपचूप लायब्ररीच्या पंख्याखाली बसायचं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं. त्याचं बसस्टँडजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, शेतातले जळालेले पंप तो पुन्हा तारा भरून चालू करतो. तो म्हणाला, ठीक आहे, पण फार मोठी घेऊ नको.

मी दहा लाख तीन घेतली. सात अंकी मूळ संख्यांमधली ही सगळ्यांत लहान. दहा लाख तर दोननं तुटतो, पाचनंही तुटतो. दहा लाख एक वरून साधा दिसतो, पण एकशे एकनं भाग गेला की नऊ हजार नऊशे एक येतात, म्हणजे तोही तुटला. दहा लाख दोन सम आहे, त्याचं काय बोलायचं. त्याच्या पुढची ही, दहा लाख तीन, कशानंच तुटत नाही. आजारपणाआधी मी ती दरवर्षी दहावीला दाखवायची आणि म्हणायची, घरी जाऊन तोडून दाखवा. कोणी तोडत नसे, कारण कोणी बसतच नसे.

तिची आणखी एक गंमत आहे, म्हणून ती मला झेपेल असं वाटलं. हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख. दहा लाख तीनचे दोन तुकडे पडायचे असतील, तर दोन्ही तुकडे हजाराच्या वर असू शकत नाहीत, गुणाकार फार मोठा होईल. म्हणजे एक तरी तुकडा हजाराच्या आतला हवा. आणि हजाराच्या आतल्याही सगळ्या संख्यांनी भागायची गरज नाही. दोननं भाग जात नसेल तर चारनं, सहानं कुठून जाणार? फक्त हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या एकशे अडुसष्ट आहेत. एकशे अडुसष्ट भागाकार, प्रत्येकात बाकी उरली पाहिजे. एकाही ठिकाणी बाकी शून्य आली, तर संपलं.

दिवसही आपोआप ठरला. आमच्या वॉर्डातल्या विहारात चौदा एप्रिलच्या जयंतीला मिरवणूक संध्याकाळी निघते, पण गेली काही वर्षं मुलांनी एक नवा रिवाज सुरू केला आहे. विदर्भातल्या नातेवाइकांकडून तो आमच्याकडे आला. जयंतीच्या आधीच्या दिवशी सलग अठरा तास अभ्यास. सकाळी सहाला बसायचं, रात्री बाराला उठायचं. ज्यांना पटवारीची परीक्षा द्यायची आहे ते, पोलीस भरतीवाले, नर्सिंगच्या मुली, बारावीचे, सगळे सतरंजीवर रांगेनं बसतात. बोलायचं नाही. मोबाईल बाहेर. बायका आळीपाळीनं पोहे, चहा, मसालेभात आणतात. मी समितीच्या पोरांना म्हटलं, मलाही एक जागा द्या. त्यांना वाटलं मी शिकवायला येते आहे. म्हटलं, नाही रे, परीक्षेला येते आहे.

भिंतीलगत टेकून बसायला मला जागा दिली. मांडीवर लाकडी फळी, दुकानातले पाठकोरे कागद, दोन पेन. नवऱ्याकडे तपासायचं काम होतं. मी एकेक कागद भरला की तो उचलून बाहेर पायऱ्यांवर जायचा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पाहायचा, आणि दारातून मान हलवायचा. उभी हलली तर बरोबर, आडवी हलली तर चूक. एवढंच आमचं बोलणं.

सुरुवात छान झाली. तीननं भागायला अंकांची बेरीज पुरते, चार येते, बाकी एक. सात, अकरा, तेरा, तिघांनीही बाकी चार दिली. पुढे सदतीसनंही चारच दिली. ती का, हे मला आठवलं. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवला हे चारही भाग जातात, आणि दहा लाख तीन त्याच्या पुढे बरोबर चारच पावलं आहे. हे आठवल्याचा मला इतका आनंद झाला, की शेजारची नर्सिंगवाली मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. मी तिला बोटानं तिचंच पुस्तक दाखवलं, म्हणजे तू तुझं वाच.

मी तोंडातल्या तोंडात पाढे म्हणत होते. बे चोक आठ, तीन चोक बारा. आसपासच्या पोरांना हे मंत्रासारखं काहीतरी वाटत असणार, त्यांना हिंदीच येतं. दारातली मान उभी हलत होती. पोहे झाले, दोनदा चहा झाला. शंभरी ओलांडली, दोनशे, तीनशे. मी वेग वाढवला. जेवणाच्या वेळेपर्यंत चारशेच्या आसपास आले होते, आणि एकही आडवी मान नाही. मनात म्हटलं, बाई, तू बरी झालीस.

मसालेभात खाऊन झाल्यावर सहज मागचे कागद चाळत बसले. दोनशे तेवीसवर नजर थांबली. दहा लाख तीनला दोनशे तेवीसनं भागलं होतं आणि खाली बाकी लिहिली होती दोनशे चौऱ्याण्णव.

बाकी भाजकापेक्षा मोठी. हे पाचवीतलं पोरगंही पाहून हसेल. बाकी मोठी उरली म्हणजे भाग अजून एकदा जात होता, शेवटच्या पायरीला चारदा बसायला हवं होतं, मी तीनदाच बसवलं. आणि त्या कागदावर नवऱ्यानं मान उभी हलवली होती. तो मोटारीत तारा भरतो, एकही वेढा इकडचा तिकडे होऊ देत नाही. त्याला बाकी म्हणजे काय हे कळत नाही, असं मला कोणी सांगू नये.

मी कागद घेऊन बाहेर गेले. तो पायऱ्यांवर सावलीत बसला होता. कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"काहून खोटी मान हलवली तुम्ही?"

त्यानं कागद उचलून पाहिला. नाकारलं नाही, एवढं बरं.

"सकाळी तू एकदा चुकली, तं मी सांगालेच आलतो," तो म्हणाला. "तुह्या कपाळावर घाम होता, हात थरथरून राह्यलता. मले सांगवलं नाही. मंग एकदा नाही सांगवलं, तं नाहीच सांगवलं." मग म्हणाला, "नंबर तं तोच राह्यते ना. तू चुकली तरी तो काही तुटून नाही राह्यला."

"त्याले नाही फरक पडत. मले पडते."

"तू लायब्ररीत बसली तं तिथंच बसून राह्यशीन," तो म्हणाला. "मले त्याचं भेव वाटते."

मला इतका राग आला होता, की त्याचं भय मला तेव्हा ऐकूही आलं नाही. अशा किती चुका झाल्या, विचारलं. पाच-सहा असतील म्हणाला. कुठल्या, ते सांगायला लागला तर मी कागद ओढून घेतले. म्हटलं, तुम्ही दुकान उघडा, इथं आता तुमचं काम नाही. त्यानं दुकान उघडलं नाही, तिथंच बसून राहिला. मी आत आले आणि पहिल्या कागदापासून पुन्हा सुरुवात केली.

आता तपासायला कोणी नव्हतं, आणि मला कोणी नकोही होतं. बाबा प्रत्येक गणिताचा ताळा पाहायला लावायचे. भागाकार केला की उत्तराला भाजकानं गुणायचं, बाकी मिळवायची, मूळची संख्या परत यायला हवी. नाही आली तर कुठंतरी घसरलात. मोबाईल आल्यापासून मी स्वतःही वर्गात ताळा घेणं सोडून दिलं होतं, वेळ जातो म्हणून. आता वेळच वेळ होता. एकेका भागाकाराचा ताळा करत निघाले, आणि प्रत्येक वेळी खाली दहा लाख तीन उतरायची वाट पाहू लागले.

पाच चुका निघाल्या. आणि पाचही एकाच जातीच्या निघाल्या. मराठीत पाढा म्हणता म्हणता घाईत मी हिंदीवर घसरायचे, 'तीन चोक'वरून 'तीन चौके'वर, आणि त्या बाजूला आता जमीनच नव्हती. आकडा तिथंच हरवायचा आणि मी अंदाजानं काहीतरी लिहायचे. वीस वर्षांची सवय होती, वेग आला की हिंदी. मला महिनोन्महिने जे समजलं नव्हतं ते या पाच चुकांनी सांगितलं. सहावा का चुकतो, ते हे. मी वेग कमी केला आणि प्रत्येक पायरीला मराठीतच पाय ठेवला.

संध्याकाळी मिरवणुकीच्या तयारीचे ढोल बाहेर वाजायला लागले. पोरं झोपेनं डुलायला लागली, उठून तोंडावर पाणी मारून परत बसली. अठरा तास संपल्याची घंटा झाली तेव्हा माझे सातशेच्या आतले सगळे झाले होते, एकूणएक ताळ्यासकट. सातशेच्या वरचे राहिले. चाळीसेक भागाकार.

समितीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसाठी वाजवतात. त्यांतल्या एकानं विचारलं, झालं का मॅडम? मी नाही म्हटलं. नवऱ्यानं माझी फळी काखेत घेतली आणि घरापर्यंत आम्ही बोललो नाही. एका दिवसात, अशी अट होती. ती मी हरले होते. पण अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की ती अट बाईनं रागात घातली होती आणि रागातली बाई गणितात कच्ची असते. तिनं वेळ मोजला होता. मोजायला हवं होतं ते दुसरंच.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी शाळा उघडली तशी मी गेले. प्राचार्यांना म्हटलं, लायब्ररीचं नंतर बोलू, मला दहावीचा एक तास द्या, तुम्ही मागे बसा. त्यांना नाही म्हणता येईना. तरुण सरांनीही खुशीनं तास दिला, उलट तेही मागच्या बाकावर बसले.

मुलांनी मला सहा महिन्यांनी पाहिलं. माझा उजवा पाय जरा ओढतो, ते पाहिलं. मी फळ्यावर दहा लाख तीन लिहिली आणि सातशेच्या वरच्या उरलेल्या मूळ संख्या एकेकाला वाटून दिल्या. सांगितलं, भागा, आणि ताळा केल्याशिवाय हात वर करायचा नाही. ताळा म्हणजे काय, तेही शिकवावं लागलं. खिडकीजवळची एक मुलगी उभी राहून म्हणाली, मैडम, मेरे वाले से कट गया. अख्खा वर्ग तिच्याकडे वळला. मी तिला ताळा करायला लावला. उतरला काहीतरी भलताच आकडा, आणि ती खाली बसून पुन्हा भागायला लागली.

शेवटची संख्या, नऊशे सत्त्याण्णव, मी माझ्याकडे ठेवली होती. ती फळ्यावर करायला घेतली. बोलत हिंदीत होते, पण पाढे मराठीतच म्हणत होते, मोठ्यानं. दोघं-तिघं हसले. मी थांबले नाही. बाकी बारा आली, आणि वर उत्तर लिहिलं एकशे तीन. मग ताळा केला. एकशे तीन गुणिले नऊशे सत्त्याण्णव, एक लाख दोन हजार सहाशे एक्क्याण्णव. दहा लाखांच्या जवळपासही नाही.

मागच्या बाकाकडे मी मुद्दामच पाहिलं नाही. खडू फळ्याला टेकवून ठेवला. वरच्या पायरीपासून एकेक आकडा खाली वाचत आले. तीनवर शून्य घेतलं, भाग गेला नाही, शून्य लिहिलं. परत शून्य घेतलं, भाग गेला नाही, आणि हे शून्य वर लिहायचं राहिलं. मी ते लिहिलं. एक हजार तीन. पुन्हा गुणलं. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव, त्यात बारा मिळवले. दहा लाख तीन.

तोवर मुलांचेही ताळे जमत आले होते. कुणाचीच बाकी शून्य नव्हती. सहा महिन्यांपूर्वी पडलेला तो खडू मी त्या दिवशी संपेपर्यंत वापरला, असं म्हणायला छान वाटेल, पण खडू दुसरा होता आणि अर्धा उरला.

बाहेर वऱ्हांड्यात प्राचार्य म्हणाले, "मैडम, ग़लती तो हुई."

"हुई," मी म्हटलं, "और पकड़ी किसने?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, की दहावी आता या वर्षी फिरवता येणार नाही, पालक विचारतील, तरुण सरांचं मन मोडेल. पण नववीचं गणित कोणाकडे नीट नाही, ते घ्या. मला दहावी हवी होती आणि ती मिळाली नाही, याचं वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. तरी हो म्हटलं, आणि लायब्ररीची किल्ली त्यांच्याच हातात परत ठेवली.

फाटकाबाहेर नवरा स्कूटर लावून उभा होता. विहाराच्या पायऱ्यांनंतर आम्ही धड बोललो नव्हतो. मी मागे बसल्यावर त्यानं विचारलं, दहावी मिळाली का. मी म्हटलं, नाही, नववी दिली. माझं वाईट वाटणं त्याला पाठीमागूनही कळत असणार, कारण तो म्हणाला, "चाल, नववी तं नववी. हेबी काही कमी नाही."

"कमी काहून राहीन," मी म्हटलं. "नववीतले पोरं पुढच्या साली दहावीतच जातेत. मीबी जाईन त्याईच्या संगं."